दुसऱ्यांदा दाबा, होतो चालू

आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर वर्षभर पहिल्या प्रयत्नात चालू होत नव्हता. बटण दाबलं की आतला पंखा एक गिरकी घ्यायचा, दिवा लुकलुकायचा आणि सगळं थंड. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत कसलीही तक्रार नाही.

यावर आम्ही काय उपाय केला? डब्यावर चिकटपट्टीने एक कागद लावला. "चालू नाही झाला तर दुसऱ्यांदा दाबा. होतो." अक्षर माझंच. मी सोसायटीची सचिव आहे.

इमारत मुलुंड पूर्वेची, १९८६ ची. चार मजले, ३२ बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गोष्ट गेल्या पावसाळ्यातली आहे. पोस्ट मोठी आहे, पण यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या आत वाचा एवढी विनंती.

तर, जून २०२५. मेंटेनन्सची बिलं काढायची होती. सकाळी नेहमीप्रमाणे बटणाशी झटापट झाली आणि बिलं छापून वाटलीसुद्धा. तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बिल घेऊन दारात. "अगं, हे बिल १ जानेवारी २०१४ चं आहे. तेव्हा हे होते. यांना पाठवू का भरायला?" काकांना जाऊन सहा वर्षं झाली. मला हसावं की रडावं कळेना. ३२ बिलं परत गोळा केली.

जुलैत एके दिवशी मोजून अकरा वेळा बटण दाबावं लागलं. आता मात्र पोटात गोळा आला. सगळा हिशोब, सभासदांची नोंदवही, थकबाकीच्या याद्या, पुनर्विकासाचा पत्रव्यवहार, सगळं त्याच डब्यात. ऑडिट व्हायचं होतं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस १४ दिवस आधी काढायची, आणि त्याआधी ताळेबंद तयार हवा. उद्या बारावं बटण दाबलं आणि नाहीच झाला चालू, तर? (बॅकअप होता का, असं विचारणाऱ्यांसाठी: होता. एका पेनड्राइव्हवर. मार्च २०२३ चा.)

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने डबा उघडलाही नाही. "मॅडम, मदरबोर्ड गेलाय. अकरा वर्षं जुना पीस आहे. आणि ऑक्टोबरमध्ये विंडोज १० बंद होतंय. नवीनच घ्या, ५४ हजारांत बसवून देतो."

कमिटीत दोन तट पडले. एक म्हणे घेऊन टाका. दुसरा म्हणे, "रिडेव्हलपमेंट येतंय, आता एक रुपया घालू नका." हे दुसरं वाक्य आमच्याकडे गेली नऊ वर्षं चालतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग? रिडेव्हलपमेंट येतंय. जिन्याचा रंग? रिडेव्हलपमेंट येतंय. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, जिथे जिथे ऐंशीच्या दशकातल्या इमारती आहेत तिथल्या सभासदांना हे वाक्य पाठ असेल. तिसरा बिल्डर बदलून झाला, रिडेव्हलपमेंट अजून येतंयच.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका पुढे आले. एमटीएनएलमधून निवृत्त. हातात मल्टिमीटर आणि दोनशे पानी वही. म्हणाले, "मदरबोर्ड गेला असता तर अकराव्यांदा तरी कसा चालू झाला असता? आधी वहीत लिहायला लाग. रोज किती वेळा दाबलं, रात्री पाऊस होता का, काल कोणी काय हलवलं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही."

मग आमची तपासणी सुरू झाली. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते.

पहिलं, भिंतीपासून सुरुवात. स्पाइक गार्ड बाजूला काढून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावली. वायरही बदलून पाहिली. फरक नाही. काका म्हणाले, निम्म्या केसेस इथेच सुटतात, आपली नाही सुटली.

दुसरं, तारखेचा घोळ. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. वीज बंद असताना घड्याळ आणि काही सेटिंग तो सांभाळतो. नवा असताना तीन व्होल्ट, आमचा दोनच्या थोडा वर. ४० रुपयांचा सेल टाकला आणि काकूंच्या बिलाची तारीख सुधारली. पण बटण? तिसऱ्याच दाबाला. म्हणजे हा बिघाड वेगळा होता. दोन दुखणी एकत्र असली की आपण त्यांना एकच समजतो, हे मला तेव्हा कळलं.

तिसरं, रॅम. प्लग काढून, बटण पाच-दहा सेकंद दाबून धरून (आत उरलेली वीज निघून जाते) रॅमची पट्टी बाहेर काढली. तिच्या सोनेरी दातांवर शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं. आपल्या दमट हवेत त्यावर पुटं चढतात. रबर काळं झालं, पट्टी परत 'टक' आवाज येईपर्यंत बसवली. बटण? चौथ्याला.

चौथं, ओझं कमी करणं. सीडीचा ड्राइव्ह, जुनं मोडेम कार्ड, पुढचे यूएसबी, सगळं सोडवून ठेवलं. तरी तेच.

उत्तर मिळालं ते वहीत. २३ जुलैच्या रकान्यात लिहिलं होतं: एका दाबात चालू. २४ ला पुन्हा चार. काकांनी विचारलं, "२२ च्या रात्री काय वेगळं झालं?" काहीच नाही. मग वॉचमनचाचांना विचारलं. ते जरा घाबरतच म्हणाले, "मॅडमजी, उस रात मेन स्विच बंद करना भूल गया था."

शेजारच्या इमारतीत शॉर्टसर्किट झाल्यापासून आमच्याकडे ऑफिसचा मेन स्विच रात्री दहाला बंद करायचा ठराव आहे. त्या रात्री तो चालू राहिला, आणि सकाळी कॉम्प्युटर एका दाबात उठला!

काकांचे डोळे चमकले. "एसएमपीएस."

एसएमपीएस म्हणजे डब्यातला तो लोखंडी खोका, जिथे वायर खुपसतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. बटण दाबल्यावर सगळे व्होल्ट जागेवर आले की अर्ध्या सेकंदाच्या आत तो मदरबोर्डला इशारा देतो, "वीज ठीक आहे, कर सुरू." इशारा आला नाही तर मदरबोर्ड उठत नाही. एसएमपीएसमध्ये कपॅसिटर असतात, वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारे. त्यांच्यातलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातं. असा म्हातारा कपॅसिटर थंड असताना नीट काम करत नाही. दोन-तीन धक्के बसले, जरासा गरम झाला की जमतं त्याला. रात्रभर मेन चालू राहिला तर कॉम्प्युटर बंद असूनही एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो, त्यामुळे तो अगदी थंड पडत नाही. म्हणून २३ तारखेला तो एका दाबात उठला.

"म्हणजे दुसऱ्यांदा दाबून आपण तो दुरुस्त करत नव्हतो," काका म्हणाले, "कण्हणाऱ्या म्हाताऱ्याला ढोसून उठवत होतो."

खात्रीसाठी काकांच्या नातवाच्या पडून असलेल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस तीन दिवस लावून पाहिला. तिन्ही दिवस एका दाबात चालू. मग शनिवारी मी जुना खोका पिशवीत घालून निघाले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण 'कॉम्प्युटरचं काही घ्यायला भडकमकर मार्गाला जाते' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एका दुकानाच्या पोटमाळ्यावर दुरुस्ती करणारे गृहस्थ बसतात. त्यांनी खोका उघडून दाखवला. (तुम्ही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशे व्होल्टच्या वर वीज काही वेळ दबा धरून असते.) चार कपॅसिटर टम्म पुरीसारखे फुगलेले. "ताई, हे बघा. हे वर्षभर सांगत असणार तुम्हाला." नवा चांगल्या कंपनीचा एसएमपीएस २,३५० रुपयांना मिळाला. ५४ हजार विरुद्ध २,३९०, सेल धरून.

आणि विंडोज? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. कॉम्प्युटर बंद पडला नाही. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव अपडेटची सोय आहे, ती आम्ही घेतली. पुढचं आत्तापासून बघतोय. पण बदलायचा तर विचार करून बदलू, कुणी डबा न उघडता मृत्यूचा दाखला दिला म्हणून नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आहे. त्यात असे किती डबे असतील, ज्यांचा एकच खोका गेला होता?

इथे पोस्ट संपायला हवी होती. खरं तर मी लिहायला बसले ते यापुढचं सांगायला.

नवा एसएमपीएस बसवला त्या सकाळी मी चपला बाहेर काढून ऑफिसात होते. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. डब्याच्या मागचा स्क्रू चाचपला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. मुंग्या चालल्यासारख्या. काकांना म्हटलं, तुमचा नवा खोका पण खराब निघाला. काकांनी मल्टिमीटर लावला आणि गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खोका चांगला आहे. अर्थिंग नाहीये."

एसएमपीएसच्या आत बारीकशी वीज मुद्दाम धातूच्या डब्याकडे सोडलेली असते, तिने तिसऱ्या पिनमधून जमिनीत जावं म्हणून. तिसरी पिन कुठेच पोचत नसेल तर ती वीज डब्यावरच थांबते आणि अनवाणी हाताला मुंग्या येतात. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण तेवढ्याने कळतं की वाट बंद आहे.

तितक्यात आठची वेळ झाली, चाचांनी पाण्याचा पंप सुरू केला, आणि डब्यावरच्या मुंग्या एकदम वाढल्या. काकांनी मला हात काढायला लावला. "पंपाशी काय संबंध?" मी विचारलं.

दाराशी चाचा उभे होते. ते हळूच म्हणाले, "मॅडमजी, नल को भी करंट आता है. बोला था आपको."

बोलले होते. दोन पावसाळे आधी. पंपाजवळच्या नळावर हात धुताना झटका बसतो, म्हणाले होते. मी काय उत्तर दिलं होतं तेही मला आठवतंय. "चप्पल घालून जा ना चाचा." चाचा तेव्हापासून चप्पल घालून, नळाला लाकडी पट्टीने टेकवून बघून मगच हात लावायचे. म्हणजे त्यांनीही त्यांचा 'दुसऱ्यांदा दाबा' शोधून काढला होता. फक्त त्यांचा कागद कुठे चिकटवलेला नव्हता.

कॉम्प्युटर चालू होत नव्हता म्हणून आम्ही कमिटीच्या तीन बैठका घेतल्या. चाचांच्या नळासाठी एकही नाही. इतिवृत्ताच्या वहीत शोधलं, एक ओळ नाही.

त्याच दिवशी पंप बंद ठेवला आणि परवाना असलेल्या इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरला बोलावलं. त्याने आमच्यासमोर बल्ब लावून दाखवला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये तार जेमतेम लालसर झाली. मग मीटर रूम. अर्थिंगची पट्टी जमिनीपाशी गंजून तुटलेली, दोन टोकांमध्ये चार बोटांचं अंतर. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, आमच्या मीटर रूममध्ये गुडघाभर पाणी होतं. गंज तेव्हापासूनच धरला असावा, असा त्याचा अंदाज. आणि अर्थिंगचा खड्डा? तो सापडेना. पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्याच्यावरही बसवले. दिसायला छान झालं होतं. मीच उद्घाटनाचे फोटो टाकले होते इथे.

आता जे त्याने समजावलं ते नीट वाचा. इमारतीतल्या सगळ्या घरांच्या तिसऱ्या पिना एकमेकींना जोडलेल्या असतात आणि खाली एकत्र येऊन जमिनीत जातात. खाली पट्टी तुटली की त्या जमिनीपासून सुटतात, पण एकमेकींपासून सुटत नाहीत. मग पंपाच्या वायंडिंगमधून गळणारी वीज त्याच तारेने उलटी वर चढते. फ्रिजच्या दारावर. गीझरच्या नळावर. वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर. ३२ घरांत. आमच्या पंपाचं वायंडिंग थोडंच गळत होतं म्हणून मुंग्यांवर भागलं. ते पूर्ण गेलं असतं तर चौथ्या मजल्यावरचं एखादं लहान मूल ओल्या पायांनी फ्रिज उघडायला गेलं असतं, आणि आम्ही म्हटलं असतं, अरेरे, नशीब.

दर पावसाळ्यात आतल्या पानावर दोन ओळींची बातमी असते, शॉक लागून अमुक ठिकाणी एकाचा मृत्यू. आपण पान उलटतो. त्या दोन ओळींच्या आधी कुणाच्या तरी हाताला मुंग्या आल्याच असतील, असं आता मला वाटतं.

कमिटीत खर्चाचा आकडा ठेवला. नवा अर्थिंगचा खड्डा, पट्टी, तपासणी मिळून ४१ हजार. पंपाचं रिवायंडिंग साडेनऊ. वर गळती पकडून वीज तोडणारं यंत्र, आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचं. ते पंपावर लावताच पहिल्या मिनिटाला खटकन पडलं, तेव्हा कुठे दोन शंकेखोर सभासदांचा विश्वास बसला.

"पण रिडेव्हलपमेंट..." असं एकाने सुरू केलंच. या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. "रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल. तोपर्यंत राहायचंय ना आपल्याला इथेच?" ठराव एकमताने. नव्या खड्ड्याचं रीडिंग दीड ओहम आलं. पेव्हर ब्लॉकच्या मधोमध आता एक झाकण आहे, दिसायला जरा वाईट. असू दे.

सप्टेंबरच्या सभेत अर्थिंगचा विषय मी स्वतः मांडला आणि चाचांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं हे इतिवृत्तात लिहून घेतलं. चाचा सभेत नव्हते, गेटवर ड्युटीला होते. दुसऱ्या दिवशी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "कोई बात नहीं मॅडमजी, अब ठीक है." त्यांच्या त्या 'कोई बात नहीं'ने मला जास्त लागलं.

आता तुमच्यासाठी थोडं कामाचं.

आमच्या मुलुंडला वीज महावितरणची. घाटकोपर-अंधेरी-बोरिवलीकरांना बिल दुसऱ्या कंपनीचं येत असेल. पण मीटरच्या पुढचं वायरिंग सगळीकडे ज्याचं त्याचं, आणि सामाईक वायरिंग सोसायटीचं. ते बघायला कुणी येत नाही, बोलवावं लागतं.

फ्रिज, गीझर, कॉम्प्युटर, वॉशिंग मशीन, कशालाही हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर चप्पल घालणं हा उपाय नाही. ती वस्तू बंद करा आणि परवानाधारक माणसाकडून अर्थिंग तपासून घ्या. बल्बचे प्रयोग घरी स्वतः करू नका.

सोसायटीच्या पुढच्या सभेत दोनच प्रश्न विचारा: आपला अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? आणि शेवटचं रीडिंग कधी घेतलं? उत्तर येईपर्यंत खाली बसू नका.

वॉचमन, सफाईवाल्या ताई, पाणी सोडणारा, यांना विचारा कुठे शॉक लागतो का. इमारतीच्या लोखंडाला, पाण्याला आणि भिंतींना रोज हात लावणारी माणसं तीच आहेत.

आणि तुमचा कॉम्प्युटर पहिल्या दाबात चालू होत नसेल तर आधी बॅकअप घ्या, आजच. मग वही करा.

आमचा कागद मी डब्यावरून काढला. चिकटपट्टीचा चौकोनी डाग तेवढा राहिलाय, घासून जात नाही. कॉम्प्युटर रोज सकाळी एका दाबात चालू होतो. आणि चाचा नळावर हात धुताना अजून पट्टी टेकवतात. सवय, म्हणतात. मी काही बोलत नाही. त्यांचा विश्वास परत यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागेल.